फोटोवरून गॅस्केटची बाह्यरेषा काढताना माप कुठे चुकतं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. वागळे इस्टेटमध्ये तुमच्या वडिलांचं गॅस्केट, म्हणजे दोन भागांच्या जोडात गळती थांबवायला बसवतात ती रबराची चकती, कापायचं छोटं वर्कशॉप आहे. गिऱ्हाईक जुनं, वापरलेलं गॅस्केट आणून देतं, ड्रॉइंग नसतं. तुम्ही ३ मिलिमीटर जाडीचं ते गॅस्केट टेबलावर ठेवता, बाजूला स्टीलची पट्टी ठेवता आणि सुमारे ४०० मिलिमीटर उंचीवरून मोबाइलने फोटो काढता. मग पायथनमध्ये ओपनसीव्ही या चित्रांवर काम करणाऱ्या लायब्ररीच्या फाइंडकंटूर्स या फंक्शनने कडेचे कोऑर्डिनेट्स काढून चाकूवाल्या सीएनसी कटरला देता. कधी सगळ्या फोटोची चौकटच हाती येते, कधी एकाच गॅस्केटचे हजारो बिंदू येतात. आणि कापलेला जॉब फ्लँजवर, म्हणजे पाइपच्या टोकाच्या भोकांच्या चकतीवर, ठेवला की एम १६ चे, म्हणजे १६ मिलिमीटर व्यासाचे, बोल्ट भोकांच्या कडेला घासतात. कोणतं पॅरामीटर बदलू, असं तुम्ही विचारलंय.

मी रबाळे एमआयडीसीत कॅमेऱ्यावरून माप काढायचं काम बरीच वर्षं करतोय. गॅस्केट, फोमचे तुकडे, चामड्याचे पॅटर्न असलंच सगळं. त्या अनुभवावरून सांगतो. तुमच्या तिन्ही तक्रारी एकाच फंक्शनच्या वाटतात, पण चौकट येणं आणि हजारो बिंदू येणं हे फंक्शनला नीट न सांगितल्यामुळे होतं. ते अर्ध्या तासात सुटेल. बोल्ट घासतो ते मात्र फोटो काढतानाच ठरलेलं असतं, तिथे पॅरामीटर काहीही ठेवलं तरी फरक पडणार नाही. सोपं आधी उरकू.

फाइंडकंटूर्स काय करतं ते एकदा डोळ्यांसमोर आणा. त्याच्यामागे सुझुकी आणि आबे या दोघांनी १९८५ साली मांडलेली पद्धत आहे. फंक्शन काळ्यापांढऱ्या चित्रात ओळीने पाहत जातं, काळ्यातून पांढऱ्यात पाऊल पडलं की थांबतं आणि त्या पांढऱ्या भागाच्या कडेकडेने फेरी मारून परत पहिल्या जागी येतं. किल्ल्याच्या तटावरून आपण फेरी मारतो तशी. चालणारा तटावरच असतो, बाहेरच्या खंदकात नसतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे मापात कामाला येणार आहे.

म्हणजे त्याच्या दृष्टीने पांढरं ती वस्तू, काळी ती पार्श्वभूमी. तुमचं गॅस्केट काळं आणि टेबलावरचा कागद पांढरा. मग त्याला कागद हीच वस्तू वाटते आणि कागदाची कड म्हणजे फोटोची चौकट. थ्रेशोल्ड करताना, म्हणजे उजेडाचा एक आकडा धरून चित्र काळंपांढरं करताना, उलटा प्रकार, म्हणजे बायनरी इन्व्हर्स, वापरा. गॅस्केट पांढरं होईल आणि चौकट नाहीशी होईल.

दुसरं, तुम्ही आधी कॅनीने कडा शोधून त्या कडांवर फाइंडकंटूर्स चालवताय. पुष्कळ ट्यूटोरियलमध्ये असंच दाखवतात, पण मापाच्या कामाला ही पद्धत मला पटत नाही. कॅनी एक पिक्सेल जाडीची रेषा देतं. त्या रेषेलाही बाहेरची कड असते आणि रेषा पूर्ण बंद झाली असेल तर आतलीही असते. मग एका कडेचे दोन कंटूर, म्हणजे कडेच्या दोन बाह्यरेषा, मिळतात आणि कटर तीच कड दोनदा कापतो. रेषा कुठे तुटलेली असेल तर कंटूर तिच्या एका अंगाने जाऊन दुसऱ्या अंगाने परत येतो आणि क्षेत्रफळ जवळजवळ शून्य दिसतं. गॅस्केटसारखी भरीव, एकरंगी वस्तू असेल तर सरळ थ्रेशोल्ड करा, कॅनी सोडून द्या.

थ्रेशोल्डचा आकडा हाताने ठरवू नका. ओत्सूची पद्धत वापरा. नोबुयुकी ओत्सू यांनी १९७९ साली ती मांडली. चित्रातल्या उजेडाचे दोन गट पाडायला सगळ्यात योग्य आकडा ती स्वतः शोधते. पण उजेडाचे दोन गट मुळात असायला हवेत. आमच्या शेडमध्ये पावसाळ्यात दुपारी चारलाच अंधारून यायचं आणि सकाळी व्यवस्थित चाललेला सेटअप संध्याकाळी गॅस्केटची सावलीसुद्धा गॅस्केटमध्ये धरायचा. मी ते कोडमधून सुधारायचा फार प्रयत्न केला, अडॅप्टिव्ह थ्रेशोल्ड लावलं, ब्लर वाढवलं. शेवटी दुधी ॲक्रिलिकच्या शीटखाली एलईडी पट्ट्या लावून खालून उजेड देणारं टेबल केलं आणि तो प्रश्न कायमचा संपला. उजेड खालून आला की वरची सावली उरत नाही, गॅस्केट काळंभोर दिसतं आणि बोल्टची भोकं दिव्यासारखी उजळतात. तुमच्या कामात पैसे कुठे घालायचे असं विचाराल तर आधी या टेबलात घाला, मोठ्या फोनमध्ये नाही.

आता भोकं. रिट्रीव्हल मोड, म्हणजे कोणत्या कडा परत द्यायच्या ते, एक्स्टर्नल ठेवला तर तो फक्त बाहेरच्या कडा देतो, भोकं टाकून देतो. सीकॉम्प ठेवा. त्यात दोन थर मिळतात, बाहेरच्या कडा आणि त्यांच्या आतली भोकं. सोबत हायरार्की, म्हणजे कोणता कंटूर कोणाच्या आत ते, येते. प्रत्येक कंटूरमागे चार आकडे, पुढचा, मागचा, पहिलं मूल आणि पालक. पालकाच्या जागी उणे एक असेल तर ती बाहेरची कड, नाहीतर भोक. दोन्ही वेगवेगळ्या लेयरवर ठेवा आणि कटरला आधी भोकं, मग बाहेरची कड असा क्रम द्या. बाहेरची कड आधी कापली तर तुकडा शीटमधून सुटतो आणि भोकं कापताना हलू शकतो.

तुमच्या वडिलांच्या कॉम्प्युटरवर कोड चालतो आणि तुमच्या लॅपटॉपवर 'टू मेनी व्हॅल्यूज टु अनपॅक' अशी एरर येते असं लिहिलंय. त्यात तुमची चूक नाही. ओपनसीव्हीच्या ३ नंबरच्या आवृत्तीत हे फंक्शन तीन गोष्टी परत द्यायचं, ४ मध्ये दोनच देतं. दोन्हीकडे एकच आवृत्ती ठेवा.

बिंदूंची संख्या. चेन अप्रॉक्स नन ठेवलं की कडेवरचा प्रत्येक पिक्सेल मिळतो, सिंपल ठेवलं की आडव्या, उभ्या आणि तिरप्या सरळ रेषांची फक्त टोकं उरतात. सरळ ठेवलेल्या आयताचे चारच बिंदू. पण वर्तुळाच्या कडेवर तेवढ्या लांब सरळ रेषा नसतात, म्हणून तिथे सिंपलमध्येही शेकडो बिंदू राहतात आणि जवळून पाहिलं तर ते पायऱ्यांसारखे असतात. हाच कंटूर कटरला दिला तर चाकू दर पायरीला वळतो, रबराची कड दातेरी येते. इथे अप्रॉक्सपॉलीडीपी वापरायचं, डग्लस-पॉइकर पद्धतीचं. ठरावीक अंतरापेक्षा जास्त न भरकटता जितके बिंदू गाळता येतील तितके ते गाळतं.

ते ठरावीक अंतर म्हणजे एप्सिलॉन, आणि इथे बहुतेकांचा पाय घसरतो. सगळीकडे सांगतात की परिमितीच्या एक-दोन टक्के घ्या. चौकोन की त्रिकोण एवढंच ओळखायचं असेल तर ते ठीक आहे. तुमच्या गॅस्केटची परिमिती समजा ९,००० पिक्सेल आहे. त्याचा एक टक्का ९० पिक्सेल. एका पिक्सेलला ०.१ मिलिमीटर धरलं तर तुम्ही कडेला ९ मिलिमीटर भरकटायची परवानगी देऊन बसलात! एप्सिलॉन परिमितीवरून काढू नका. जॉबमध्ये किती चूक चालेल ते मिलिमीटरमध्ये ठरवा आणि त्याचे पिक्सेल करा. ०.१५ मिलिमीटर चालत असेल तर दीड पिक्सेल. एका पिक्सेलच्या खाली गेलात तर पायऱ्या तशाच राहतील.

इथवर तुमचा कंटूर स्वच्छ असेल, बिंदू मोजके असतील आणि भोकं वेगळी झालेली असतील. बोल्ट मात्र अजून घासेल.

तुमचं सगळ्यात मोठं गॅस्केट साधारण ३०० मिलिमीटर पीसीडीचं आहे, म्हणजे बोल्टच्या भोकांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास तेवढा. कॅमेरा टेबलापासून ४०० मिलिमीटरवर, गॅस्केटची वरची बाजू टेबलापासून ३ मिलिमीटर वर, म्हणजे कॅमेऱ्यापासून ३९७ वर. पट्टी टेबलावर आहे, म्हणजे तुमचा स्केल ४०० चा, पण गॅस्केटची वरची कड ३९७ वरून दिसते आणि पाऊण टक्क्याने मोठी दिसते. बाहेरच्या कडेवर ही चूक सरळ मापात येते, ३०० चे ३०२ च्या वर होतात. भोकांवर जरा वेगळं होतं. कॅमेरा मध्यावर आणि भोक कडेजवळ असेल तर केंद्राकडच्या बाजूला भोकाची वरची कड दिसते, ती बाहेर ढकललेली असते. समोरच्या बाजूला मात्र भोकाची आतली भिंत दिसते आणि तीही काळीच. तिथे काळं संपतं ते खालच्या कडेपाशी, म्हणून ती बाजू जवळजवळ जागेवर राहते. परिणाम असा की भोक बारीक अंडाकृती येतं आणि त्याची केंद्राकडची कड एक मिलिमीटरहून थोडी जास्त आत घुसते. एम १६ च्या बोल्टला १८ चं भोक असेल तर चारी बाजूंनी एकच मिलिमीटर मोकळीक असते. बोल्ट घासणारच. तुमच्या फोटोतलं एखादं भोक मोठं करून बघा, केंद्राच्या दिशेने चपटं दिसेल.

उपाय दोन, आणि दोन्ही एकत्र करा. पट्टी टेबलावर न ठेवता त्याच शीटच्या कापून उरलेल्या तुकड्यावर ठेवा, म्हणजे पट्टी आणि गॅस्केटची वरची बाजू एका पातळीत येतील. आणि फोन स्टँडवर लावून वर न्या. १,२०० मिलिमीटरवर नेलात तर भोकांवरची ही चूक एक तृतीयांश होते. फोटोत गॅस्केट लहान दिसतं म्हणून दुप्पट झूम घ्या. त्याने एक फायदा आणखी होतो, मोबाइलच्या रुंद लेन्समुळे कडेला येणारा बाक कमी दिसतो. फोन तिरका असेल तर टेबलावर चार खुणा कायमच्या करून ठेवा, त्यांच्यातलं अंतर एकदा नीट मोजा आणि पर्स्पेक्टिव्ह ट्रान्सफॉर्मने फोटो सरळ करून घ्या. फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवू नका, तो लहान होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा केबलने घ्या. ४०० मिलिमीटर रुंदीच्या फोटोत ४,००० पिक्सेल असतील तर पिक्सेलमागे ०.१ मिलिमीटर पडतं; तोच फोटो १,६०० पिक्सेलचा उरला तर ०.२५.

ए४ मध्ये मावणारं गॅस्केट असेल तर मात्र मी फोटो काढतच नाही, साधा फ्लॅटबेड स्कॅनर वापरतो. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल असताना, एक पिक्सेल म्हणजे २५.४ भागिले ३००, जवळपास ०.०८५ मिलिमीटर. उंची ठरलेली, उजेड ठरलेला, गॅस्केट काचेला टेकलेलं. झाकण उघडं ठेवून वर पांढरा पुठ्ठा दाबला की काम होतं. फक्त स्कॅनरचा स्केल आडवा आणि उभा दोन्ही दिशांना पट्टी ठेवून एकदा तपासून घ्या, आंधळेपणाने डीपीआयवर विसंबू नका.

आता तटावरच्या त्या फेरीकडे येतो. कंटूरचे कोऑर्डिनेट्स कडेच्या पिक्सेलच्या मध्यातून जातात. १०० पिक्सेल रुंदीचा पांढरा चौकोन घ्या: पहिला पिक्सेल ०, शेवटचा ९९, म्हणजे कंटूरची रुंदी ९९ आणि क्षेत्रफळ १०,००० ऐवजी ९,८०१. भोकाचं उलट होतं. विहिरीभोवती फेरी मारताना आपण कठड्यावरून चालतो, पाण्यातून नाही. तसा भोकाचा कंटूरही भोकाभोवतीच्या पांढऱ्या पिक्सेलवरून जातो. १०० पिक्सेलचं भोक १०१ चं मोजलं जातं. म्हणजे बाहेरची कड एका पिक्सेलने लहान, भोक एका पिक्सेलने मोठं. पिक्सेलमागे ०.१ मिलिमीटर असेल तर रबराच्या कामात सोडून द्या. ०.२५ असेल तर बाहेरच्या कडेत एक पिक्सेल मिळवा, भोकातून एक वजा करा. याहून बारीक माप हवं असेल तर सायकिट-इमेज या पायथनच्या दुसऱ्या लायब्ररीतलं फाइंड कंटूर्स बघा. ते मार्चिंग स्क्वेअर्स पद्धतीने करड्या चित्रावर चालतं आणि पिक्सेलच्या आतले दशांशसुद्धा देतं. मात्र तिथे आधी ओळ, मग स्तंभ असा क्रम येतो आणि ओपनसीव्हीत आधी एक्स, मग वाय. दोन्ही एकाच कोडमध्ये वापरलीत तर इथे नक्की गोंधळ होतो.

बोल्टची भोकं बहुभुज म्हणून कटरला देऊच नका. तुम्हाला माहीत आहे की ते वर्तुळ आहे, मग ही माहिती फुकट का घालवायची? मोमेंट्सवरून, म्हणजे कंटूरच्या आकारावरून ओपनसीव्ही काढून देतं त्या आकड्यांवरून, केंद्र काढा, क्षेत्रफळावरून व्यास काढा. व्यास १७.७ आला तर तो १८ आहे हे वडील बघताक्षणी सांगतील. सगळ्या केंद्रांतून एक वर्तुळ बसवा, त्याचा व्यास ती पीसीडी. मग भोकं समान कोनात आहेत का ते बघा. जुनं गॅस्केट दाबाने पसरलेलं असतं, कुठे ताणलेलं, कुठे फाटलेलं. त्याची कड जशीच्या तशी उतरवली तर त्याचा बिघाडही उतरतो. शक्य असेल तेव्हा गिऱ्हाइकाकडून फ्लँजवरच्या भोकांचं व्हर्नियरने घेतलेलं एक तरी माप मागून घ्या. आकार फोटोवरून घ्या, मुख्य मापं व्हर्नियरवरून.

एक चूक मी केली आहे, ती तुमच्याकडून होऊ नये म्हणून सांगतो. चित्रात वाय वरून खाली वाढतो, कटरला द्यायच्या डीएक्सएफ या ड्रॉइंगच्या फाइलमध्ये खालून वर. मी कोऑर्डिनेट्स तसेच लिहिले आणि आकार आरशातल्यासारखा उलटा गेला. साध्या रबराच्या गॅस्केटमध्ये हे कित्येक महिने कळलंच नाही, कारण तुकडा पलटला की बसतो. मग एका गिऱ्हाइकासाठी एका बाजूला गोंद असलेली फोम शीट कापली. सगळे तुकडे कापून झाल्यावर पहिला बसवायला घेतला तर गोंद वरच्या बाजूला! अख्खी शीट वाया गेली आणि ती मी भरून दिली. चित्राच्या उंचीतून एक आणि वाय वजा करा, मग स्केलने गुणा. तपासायला नेहमी एखादा वाकडातिकडा, एका बाजूला शेपूट असलेला तुकडा वापरा. गोल गॅस्केटवर ही चूक दिसत नाही.

डीएक्सएफ लिहायला ईझीडीएक्सएफ ही पायथनची लायब्ररी चांगली आहे. बाहेरच्या कडेसाठी एलडब्ल्यू-पॉलीलाइन, म्हणजे बिंदू जोडत जाणारी रेषा, वापरा, ती बंद करा, भोकांसाठी सर्कल वापरा आणि फाइलचं युनिट मिलिमीटर ठेवायला विसरू नका. नाहीतर कटरचं सॉफ्टवेअर इंच धरेल.

सगळं झालं की महागडी शीट लावू नका, आधी पुठ्ठ्यावर कापा आणि तो पुठ्ठा घेऊन फ्लँजपाशी जा. बाहेरची कड सगळीकडून सारखीच मोठी आली आणि भोकं केंद्राकडून चपटी असतील तर उंचीचा हिशेब अजून चुकतोय. एका बाजूच्या भोकांमधलं अंतर वाढलं आणि समोरच्या बाजूचं घटलं असेल तर फोन तिरका आहे. गोल गॅस्केट एकाच दिशेला लांबट आलं असेल तर स्कॅनरचा किंवा कटरचा एका अक्षाचा स्केल बघा. आणि भोकं बरोबर पण कड कुठेतरी एकाच ठिकाणी फुगलेली असेल तर ते जुन्या गॅस्केटचं पसरणं आहे, तेवढी जागा वडिलांना विचारून हाताने दुरुस्त करा. यातलं काय दिसलं ते पुठ्ठ्याच्या फोटोसकट लिहा, पट्टी पुठ्ठ्यावर ठेवून.